कडेवरच्या खुणा

आज दिवसभर एका मूकपटाच्या नायट्रेट फिल्मचा (सेल्युलोज नायट्रेटपासून बनलेल्या, काळानुसार खराब होणाऱ्या जुन्या फिल्मचा) तुकडा तपासत होतो. फिल्म आकसल्यामुळे तिची छिद्रे यंत्राच्या दात्यांवर बसेनात, म्हणून ती हातानेच एकेक चौकट पुढे सरकवत पाहावी लागली. एका ठिकाणी फिल्मवरचा चित्राचा थर चिकट होऊन चित्र पार विरघळले होते, तर लगतच्याच चौकटीत एका स्त्रीच्या पापण्यांचे केससुद्धा स्पष्ट दिसत होते. अमेरिकेतील सुमारे ७० टक्के मूक कथापट नष्ट झाले आहेत, हे लक्षात घेता नाव-गाव नसलेला असा तुकडा टाकून देणे मला अक्षम्य वाटते. कॅनडातील डॉसन सिटीत १९७८ साली जमिनीखाली सापडलेली ५३३ रिळेही गोठलेल्या मातीमुळेच वाचली. आता फिल्मच्या कडेवर उत्पादकाने छापलेल्या खुणांवरून तिच्या उत्पादनाचे वर्ष शोधायचे आहे.