कन्सल्टंटचा पर्मनंट झालो आणि दोन महिन्यांचा टीडीएस चुकीच्या खात्यात जाऊन बसला

फोंड्यात राहतो, वेर्ण्याच्या एका कंपनीत चार वर्षं कन्सल्टंट इंजिनिअर होतो. महिन्याला 1 लाख 20 हजारांचं बिल, कलम 194जे (व्यावसायिक फीवरचा टीडीएस) खाली 10 टक्के टॅक्स कापून पैसे खात्यात. रिटर्न कलम 44एडीए ने, म्हणजे अर्धी फी नफा धरायची आणि तेवढ्यावरच टॅक्स. 1 नोव्हेंबर 2023 ला तिथेच पर्मनंट झालो. काम तेच, टेबलही तेच, आणि माझी भीती नेमकी तिथेच होती. उद्या कुणी विचारलं की बाबा तू आधीपासून नोकरच होतास ना, मग चार वर्षं अर्धं उत्पन्न कसलं सोडलंस, तर?

सीएने धीर दिला. माझे कुंडई आणि डिचोलीला आणखी दोन क्लायंट होते, लॅपटॉप स्वतःचा, मस्टरवर सही नाही, रजेचा अर्ज नाही. हे सगळं कागदावर असेल तर घाबरू नको म्हणाला. ज्यांचा एकच क्लायंट आहे आणि जे रोज पंचिंग करतात त्यांनी मात्र आधीच सल्ला घ्या, पर्मनंटचं लेटर हातात पडल्यावर नको.

इथपर्यंत ठीक होतं. जूनमध्ये फॉर्म 16 आला, म्हणजे पगार आणि त्यावर कापलेल्या टॅक्सचा कंपनीचा दाखला. क्वार्टर 3 च्या (ऑक्टोबर-डिसेंबर) रांगेत शून्य! 26एएस (आपल्या नावावर जमा झालेल्या टॅक्सचा सरकारी उतारा) उघडलं तर नोव्हेंबर-डिसेंबरचा पगार 194जे खाली फी म्हणून भरलेला, दोन्ही महिने 12,000 कापलेले. खरं तर पगाराच्या स्लिपवर पीएफच्या खाली तो गोल आकडा होताच, आणि जानेवारीत एकदम शून्य झाला होता (पाच महिन्यांचा पगार 6 लाख, नव्या टॅक्स रेजिममध्ये कंपनीच्या हिशेबाने टॅक्सच बसत नाही). तेव्हाच विचारायला हवं होतं. तुम्ही पहिली स्लिप आली की टीडीएसची ओळ बघा, फीच्या 10 टक्क्यांइतकीच आली तर त्याच दिवशी अकाउंट्सला मेल टाका.

अकाउंट्स पणजीला, पाटोवर. अर्धी रजा टाकून पावसात गेलो. तिथला माणूस म्हणतो, "टॅक्स भरला मरे, मग तुला काय त्रास?" दुसऱ्या खेपेला म्हणाला, "फीच दाखव रे, अर्धी सुटते, तुझाच फायदा." संतापच आला, कारण फॉर्म 16 च्या दुसऱ्या भागात तेच 2 लाख 40 हजार पगार म्हणून आहेत, म्हणजे एकच रक्कम दोनदा दिसणार, आणि मी फी दाखवली तर अपॉइंटमेंट लेटर हातात असताना फी घेतो असं मीच लिहून दिल्यासारखं, मग मागची चार वर्षंही तशीच म्हणायला कितीसा वेळ! तिसऱ्या खेपेला उत्तर मिळालं, "चवथीनंतर करूया." चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, 7 सप्टेंबरला, रिटर्नची तारीख 31 जुलै.

एआयएसमध्ये (टॅक्स खात्याकडे असलेली आपल्या उत्पन्नाची यादी) ती नोंद डुप्लिकेट आहे असा फीडबॅक मी टाकला, पण त्याने 26एएस बदलत नाही, ते कंपनीच्या करेक्शन स्टेटमेंटनेच बदलतं, 26क्यू (फीच्या टीडीएसचं स्टेटमेंट) मध्येही दुरुस्ती आणि 24क्यू (पगाराच्या टीडीएसचं) मध्येही. शेवटी मेल लिहिला, अपॉइंटमेंट लेटर, दोन्ही स्लिपा आणि 26एएस चं पान जोडलं, प्लांटच्या साहेबांना सीसीत घातलं. चार दिवसांत काम झालं. सहा आठवडे तोंडी सांगत बसलो होतो, पहिल्याच दिवशी लेखी द्यायला हवं होतं.

29 जुलैला आयटीआर-4 भरला, सात महिन्यांची फी 44एडीए खाली आणि पाच महिन्यांचा पगार वेगळा, दोन्ही त्यात बसतं, फक्त एकूण उत्पन्न 50 लाखांच्या आत हवं. रिफंड आला.

एक राहिलं. शेवटचं बिल 31 ऑक्टोबरपर्यंतचंच करा आणि कन्सल्टन्सी संपल्याचं पत्र कंपनीकडून वेगळं घ्या, ते मी मागून घेतलं होतं आणि सीएने पहिल्यांदा तेच मागितलं.

त्या रिटर्नवर कलम 143(2) ची स्क्रुटिनीची, म्हणजे तपासणीची नोटीस 30 जून 2025 पर्यंतच येऊ शकत होती. ती तारीख गेली त्या रात्री मी शांत झोपलो. चार वर्षांची बिलं आणि करारांची फाईल मात्र कपाटात तशीच आहे, मागची वर्षं पुन्हा उघडायला खात्याकडे कलम 148 आहे म्हणून.