पचमढी बघायची तर जिप्सीतून उतरा

इंदूरच्या जवळपास प्रत्येक मराठी घरात सातपुड्यातल्या पचमढी या थंड हवेच्या ठिकाणाचे फोटो असतातच, कुणाची शाळेची ट्रिप, कुणाचं लग्नानंतरचं फिरणं, कुणी दिवाळीच्या सुट्टीत मुलांना घेऊन गेलेलं, आणि सगळ्यांचे फोटो त्याच चार-पाच पॉइंटवरचे. दोन दिवस, एक जिप्सी, ड्रायव्हरकडे यादी, बी फॉल झाला, पांडव गुंफा झाल्या, चला आता सनसेट. मीही आधी अशीच जाऊन आले होते आणि तेव्हा छान वाटलं होतं. पण यंदा नवऱ्याला तिथे एका साइटचं काम मिळालं, माझं ऑफिस घरूनच, मग काय, बाजाराजवळ दोन खोल्या भाड्याने घेतल्या, माघात गेलो आणि श्रावणात परत आलो. आता माझं अगदी ठाम मत झालंय की पचमढी सायकलवर आणि पायी बघायची जागा आहे, गाडीतून ती अर्धीसुद्धा दिसत नाही.

आमच्या सायकली साइटच्या सामानासोबत टेम्पोतून आल्या. आम्ही जबलपूरच्या रात्रीच्या गाडीने पिपरियाला उतरलो, पहाटेचा अंधार होता, तिथून जीप. मटकुलीला देनवा नदी ओलांडली की घाट सुरू होतो आणि वळणावळणाने चढत राहतो. इंदूर साधारण 550 मीटरवर, पचमढी 1067 वर, म्हणजे जवळजवळ दुप्पट. पण एकदा वर पोचलं की गाव पठारावर पसरलेलं आहे, भोवती धूपगड, चौरागड, महादेव हे डोंगर आणि मधे कॅन्टोन्मेंटचे रुंद, झाडांखालचे, जवळपास रिकामे रस्ते. म्हणून सायकलला इतकं सोयीचं. चढ आहेत पण दमवून टाकणारे नाहीत, आणि तलाव, चर्च, जटाशंकर, पांडव गुंफा हे सगळं एकमेकांपासून इतकं जवळ की लॉगिनच्या आधी एक मोठी चक्कर आरामात व्हायची. बाजारात सायकली भाड्यानेही मिळतात, बिनगियरच्या, गावातल्या गावात फिरायला त्या पुरतात.

बडा महादेव या गुहेतल्या देवळाकडे जाणाऱ्या महादेवच्या रस्त्याला मात्र गियर हवेतच. हा माझा सगळ्यात आवडता रस्ता, जाऊन-येऊन वीस किलोमीटरच्या आसपास, वाटेत हांडी खोह ही खोल घळ, पुढे प्रियदर्शिनी पॉइंट, दोन्ही बाजूंना साल आणि सागाचं जंगल. गाडीतून हे सगळं म्हणजे नुसता हिरवा पडदा. सायकलवर आधी आवाज येतो, वर फांदीत खळबळ, थांबून मान वर केली की शेकरू! महाराष्ट्राचा राज्यप्राणी, ज्याला बघायला लोक मुद्दाम भीमाशंकरला जातात, तो इथे डोक्यावरून या झाडावरून त्या झाडावर उडी मारत जातो. जिप्सीतल्या लोकांना मी हात करून दाखवायचे, पण थांबणार कोण, त्यांना पुढचा पॉइंट गाठायचा असतो.

दगडाबद्दल थोडं सांगते, कारण तो कळला आणि सगळीकडे बघायची माझी नजरच बदलली. आपल्या माळव्यात, मांडूला, जानापावला सगळा काळा बसाल्ट. पचमढी वालुकाश्माची, तांबूस-पिवळ्या थरांची. या दगडात पाणी मुरतं आणि हळूहळू बाहेर येतं, त्यामुळे ऐन वैशाखातही कड्यांमधून थेंब गळत असतात, बड्या महादेवच्या गुहेत तर डोक्यावर सतत टिपटिप चालू. पाण्याने हाच दगड चिरत जाऊन हांडी खोहसारख्या उभ्या घळी झाल्या, आणि याच दगडाच्या कपारींमध्ये आदिमानवाने चित्रं काढलीत, शिकारी, प्राणी, नाचणारी माणसं. डी. एच. गॉर्डन नावाच्या इंग्रजाने 1930 च्या दशकात त्यांचा अभ्यास केला होता. भीमबेटकाच्या गुहाचित्रांबद्दल आपल्याला माहीत असतं, ती शोधणाऱ्या वाकणकरांमुळे तर अभिमानाने माहीत असतं, पण पचमढीची चित्रं बघायला फारसं कुणी जात नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. आणि हो, याच दगडाची वाळू वळणांवर साठते, उतारावर ब्रेक जरा जोरात दाबला तर मागचं चाक सरकतं, तेव्हा वेग वळणाच्या आधीच कमी करायचा.

इंग्रजांच्या काळात मध्य प्रांताची राजधानी नागपूर आणि उन्हाळ्यातली राजधानी पचमढी. कॅप्टन फोरसिथने 1862 मध्ये बांधलेलं बायसन लॉज अजून आहे, 1875 चं ख्राइस्ट चर्च आहे, जुने बंगले आहेत. बोर्डांवर, माहितीपत्रकांवर फोरसिथने पचमढी ‘शोधली’ असं वाचायला मिळतं आणि मला ते अजिबात पटत नाही. गोंड आणि कोरकू लोक इथे आधीपासून राहत होते, आणि विदर्भातली माणसं महादेवाला चालत येण्याची रीतही काही साहेबाने सुरू केलेली नाही.

तो महादेव म्हणजे चौरागड. महाशिवरात्रीच्या आधी सगळं गाव भरून जातं. अमरावती, नागपूर, वर्धा, इकडे छिंदवाडा, बैतूल, बसगाड्या भरभरून माणसं, कितीतरी जणांच्या खांद्यावर त्रिशूळ. नवस फेडायला त्रिशूळ वाहतात, काही हातभर, काही इतके जड की दोघा-तिघांनी मिळून उचलायचे. बड्या महादेवपासून वर साडेतीन-चार किलोमीटर चाल आणि 1300 च्या आसपास पायऱ्या. आईचं आजोळ अमरावतीकडचं, तिच्याकडून लहानपणी ‘एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव’ ऐकलं होतं, पण त्या चढावर पुढून एक गट म्हणतोय आणि मागून दुसरा साथ देतोय, असं ऐकताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एका आजींनी विचारलं, ‘कुठल्या जी तुम्ही?’ इंदूरची म्हटल्यावर ‘अन् इतकी चांगली मराठी बोलता!’ म्हणाल्या, आणि पुढच्या सगळ्या पायऱ्या माझा हात धरून चढल्या. वरती देवळाभोवती त्रिशूळांचा अक्षरशः ढीग, गंजलेले जुने, शेंदूर लावलेले नवे, आणि पलीकडे सातपुड्याच्या रांगांमागे रांगा.

धूपगड सुमारे 1350 मीटर, सातपुड्यातलं आणि मध्य प्रदेशातलंही सगळ्यात उंच टोक. उगवता आणि मावळता दोन्ही सूर्य तिथून दिसतात, गर्दी संध्याकाळी असते, म्हणून पहाटे जा, बस.

आषाढात पाऊस सुरू झाला की पचमढी वेगळीच, ढग थेट खिडकीत, कपडे वाळत नाहीत, लाइट जाते, नेट जातं, मीटिंग राहते. आणि नागपंचमीच्या सुमारास नागद्वारी या नागदेवाच्या गुहेची यात्रा. हा भाग वाघांच्या राखीव जंगलातला, एरवी बंद, फक्त यात्रेचे थोडे दिवस उघडतो. ही वाट चौरागडसारखी बांधीव नाही, चिखल, ओढे, निसरडे कातळ, काही ठिकाणी लोखंडी शिड्या. पाय टाकायची जागा आधी बघायची, काठी घ्यायची, चप्पल चालत नाही, पकड असलेले बूट हवेत (काही आज्या अनवाणी सरसर पुढे जातात, ती सवय आपल्याला नाही). वाटेत नागपूरकडच्या मंडळांनी ताडपत्र्या टाकून भंडारे लावलेले, चुलीवरची गरम खिचडी, झणझणीत भाजी, ‘ताई जेवल्याशिवाय नका जाऊ जी’ असा आग्रह. हे सगळं सामान माणसांनी डोक्यावरून जंगलात वाहून नेलेलं असतं. इतका सुंदर ट्रेक मी आजवर केलेला नाही, आणि त्यात सोबतीच्या माणसांचा मोठा वाटा आहे.

एकच गोष्ट फार खटकली, कचरा. यात्रेनंतर प्लास्टिकचे ग्लास आणि पिशव्या ओढ्यात, आणि पॉइंटांवर वर्षभर चिप्सची पाकिटं. 1999 पासून हा सगळा भाग बायोस्फिअर रिझर्व्ह, म्हणजे राखीव जीवावरण क्षेत्र आहे, 2009 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलं, रानगवा, अस्वल, बिबट्या सगळे याच ओढ्यांचं पाणी पितात. आपण सायकलला एक पिशवी बांधून स्वतःचं तरी परत आणूच शकतो.

इंदूरहून कुणी जाणार असेल तर किमान चार-पाच दिवस काढा, बाजाराजवळ राहा, स्वतःची सायकल असेल तर ब्रेक पॅड नवे टाकून न्या. धूपगड, बी फॉल, अप्सरा विहार अशा ठिकाणांसाठी बायसन लॉजमधल्या वन खात्याच्या ऑफिसात परवानगीचे आणि गाडीचे नियम आधी विचारून घ्या, बाकी सगळं पायाने आणि पेडलने करा. आणि अंधार पडायच्या आत महादेवच्या रस्त्यावरून गावात परत या, संध्याकाळी अस्वलं त्याच रस्त्यावर येतात.