माकडहाडाच्या वर दोन अंगठे

लेक सहा महिन्यांची झाली आणि बाळंतपणाची बॅग आज कुठे रिकामी केली. तळाशी आजीची फणी सापडली. लाकडी, दोन्ही बाजूंना बारीक दात, उवा काढायची. ही घेऊन मी लेबर रूममध्ये गेले होते म्हटलं की मैत्रिणी हसतात.

सातव्या महिन्यात पुण्यात बाळंतपणाच्या तयारीसाठी ज्या ताईंच्या वर्गाला जायचो, त्यांनी ॲक्युप्रेशरच्या जागा शिकवल्या. एक घोट्याच्या आतल्या बाजूला, हाडापासून वर चार बोटं आडवी ठेवून, नडगीच्या मागे. दुसरी अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात. या दोन्हींना दिवस भरेपर्यंत हात लावायचा नाही अशी ताकीद. कळा सुरू होतील म्हणून टाळतात. तिसरी माकडहाडाच्या वर जे सपाट हाड आहे त्याच्या खळग्यांत, दोन्हीकडे. नवऱ्याने स्केचपेनने ठिपके देऊन फोटो काढून ठेवले. इंजिनिअर माणूस.

रात्री बसून त्याने वाचलंही. कॉक्रेन म्हणजे वैद्यकीय चाचण्यांची छाननी करणारी संस्था, तिचा २०२० सालचा आढावा, ॲक्युपंक्चर आणि ॲक्युप्रेशर मिळून २८ चाचण्या, जवळजवळ चार हजार बायका. सार एवढंच, की दाबल्याने दुखणं थोडं कमी होत असावं, पण पुरावा कच्चा. "करून बघायला काय जातंय?" तो म्हणाला. म्हटलं, "अंगठे तुझे जाणारेत."

माहेरी, सांगलीला, पहाटे तीनला पाणी गेलं. कळा पोटात नव्हत्याच, सगळ्या कमरेत. बाळाची पाठ माझ्या पाठीकडे होती, म्हणजे डोक्याचा मागचा टणक भाग थेट माझ्या हाडावर रेटत होता. हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, मला फक्त हाड फुटतंय एवढं कळत होतं.

पहिल्या मोठ्या कळेला नवऱ्याने शिकवल्याप्रमाणे घोट्याच्या वर दाबलं आणि मी त्याला लाथ मारली. ती जागा इतकी हुळहुळी झाली होती की कळ परवडली. डाव्या हाताला सलाईन, म्हणजे तिथलं बेचकं बाद. उजव्या हातात फणी. तिचे दात बोटांच्या मुळाशी, तळहाताच्या वरच्या रेघेवर टेकवायचे आणि कळ आली की मूठ आवळायची. हातातल्या त्या टोचण्याकडे लक्ष जातं, आणि तेवढ्यात कळ अर्धी सरलेली असते. मेल्झॅक आणि वॉल या वेदनेवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये मांडलेली थिअरी नवरा तिथेही ऐकवायला लागला: पाठीच्या कण्यात जणू एक फाटक असतं, दाबाची जाणीव आधी घुसली की दुखण्याला वाट कमी मिळते. त्याला गप्प बसवलं.

खरी कामाला आली ती तिसरी जागा. पलंगाच्या कडेला ओणवी उभी राहून मी ओरडायची, "खाली... अजून खाली... तिथेच, सोडू नकोस!" कळ तेवढीच असायची. पण हाड उलतंय असं जे वाटायचं, ते तो दाबून धरायचा तोवर थांबायचं. एकदा तो चहाला गेला आणि नेमकी कळ आली, तेव्हा फरक कळला.

त्या वेळी वॉर्डातल्या मावशी धावत आल्या आणि सरळ मुठीने कमरेत रेटा दिला. नवरा परत आल्यावर म्हणाल्या, "दाजी, अंगठ्यानं किती वेळ दाबशीला? मुठीनं दाबा, अंगाचा भार टाका. आमच्या गावाकडच्या सुईणी असंच करायच्या." ॲक्युप्रेशर हा शब्द त्यांनी ऐकला नव्हता. जागा मात्र बोटभरही चुकली नाही.

नऊ तासांनी, गर्भाशयाचं तोंड सहा सेंटीमीटर उघडल्यावर, मी एपिड्युरल, म्हणजे कमरेत देतात ते दुखणं बधिर करणारं इंजेक्शन, मागितलं आणि घेतलं. वर्गाच्या ग्रुपवर पहिला प्रश्न आला, "नॅचरल झाली ना?" या शब्दाचा मला तेव्हापासून राग येतो. ते नऊ तास काय प्लॅस्टिकचे होते? दाबण्याने मला तिथपर्यंत नेलं, पुढचं इंजेक्शनने केलं.

नवऱ्याचे अंगठे आठवडाभर सुजलेले होते. डिस्चार्जच्या कागदावरची त्याची सही बँकेत चालली नसती.

आई म्हणतेय, फणी धुऊन दे, आजीची आठवण आहे. तिचे दोन दात तुटलेत. आईला अजून सांगितलेलं नाही.