ऑस्कर-१ चा ‘हाय’ आणि निफाडची थंडी

१२ डिसेंबर १९६१ ला अमेरिकेतल्या हॅम (हौशी रेडिओवाल्या) मंडळींनी बनवलेला ऑस्कर-१ उपग्रह कक्षेत गेला. साधारण साडेचार किलोची पेटी, १४० मिलीवॉटचा ट्रान्समीटर, १४४.९८३ मेगाहर्ट्झ. सौर पॅनेल नाही, त्यामुळे बॅटरी जेमतेम तीन आठवडे पुरली. मोर्समध्ये दोनच अक्षरं: चार टिंबं, मग दोन टिंबं. ‘हाय’. तारवाल्यांच्या बोलीत हे हसणं!

खरी गंमत त्या हसण्याच्या वेगात होती. पेटीतल्या तापमानानुसार तो बदलायचा. ऐकणाऱ्याने घड्याळ लावून मोजायचं, की तापमान कळलं. १९५८ च्या व्हॅनगार्ड-१ उपग्रहामध्ये तापमानाप्रमाणे क्रिस्टलची फ्रिक्वेन्सी सरकायची. पण तिथे डॉप्लरमुळे, म्हणजे उपग्रह जवळ येताना-दूर जाताना फ्रिक्वेन्सीत पडणारा दोन-अडीच किलोहर्ट्झचा फरक आधी वजा करावा लागे. ठोक्यांच्या वेगावर डॉप्लरचा परिणाम नगण्य. माझ्या मते ऑस्करची युक्ती जास्त शहाणी.

नाशिकच्या जानेवारीत ती करून बघण्यासारखी आहे. सीमॉस ५५५ ही टायमर चिप घ्या (साधा ५५५ नऊ व्होल्टची बॅटरी लवकर संपवतो). पिन ४ आणि ८ प्लसला, १ मायनसला. ८ आणि ७ मध्ये १ के (हजार ओहम) रेझिस्टर. ७ आणि ६ मध्ये १० के एनटीसी थर्मिस्टर (गरम झाला की रोध कमी होणारा), बीटा (रोध किती वेगाने बदलतो त्याचा आकडा) ३९५०. ६ आणि २ जोडून तिथून मायनसला ४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. ३ वरून २.२ के मधून मायनसला एलईडी; त्याची एक उघडझाप म्हणजे एक ठोका. बॅटरी उतरली तरी वेग फारसा बदलत नाही, कारण ५५५ पुरवठ्याच्या व्होल्टेजच्या एक तृतीयांश आणि दोन तृतीयांशावर पलटतो.

हिशोबाने मिनिटाला २५ अंशांवर ८८ ठोके, ५ अंशांवर ३५, शून्यावर २७. मे महिन्यातल्या ४० अंशांना १५९ होतात, ते डोळ्यांनी मोजवत नाहीत. तेव्हा १०० मायक्रोफॅरड लावा. थंडीत एका अंशाला जेमतेम दीड-दोन ठोक्यांचा फरक पडतो, म्हणून पाच मिनिटं मोजून भागा. चालू केल्यावरचा पहिला ठोका लांबतो, तो सोडून द्या.

चुकतं ते कपॅसिटरपाशी. अशा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरची क्षमता २० टक्के इकडेतिकडे असते, शिवाय थंडीत आणखी घटते. त्यामुळे सर्किट घरात ठेवा, बाहेर फक्त थर्मिस्टर आणि दोन वायरी. आधी थर्मिस्टर प्लास्टिकच्या पिशवीत घालून बर्फ-पाण्यात बुडवा. २७ ऐवजी २४ आले, तर पुढचे सगळे आकडे २७/२४ ने गुणा.

दुसरा घात दवाचा. थर्मिस्टरच्या पायांवर ओल धरली की रोध कमी होतो, ठोके वाढतात, आणि पहाटे बाग ऊबदार असल्याचा भास होतो. निफाडकडे ज्या रात्री मणी तडकू नयेत म्हणून द्राक्षबागेत शेकोट्या पेटतात, त्याच रात्री ही चूक महागात पडेल. दोन्ही पायांवर वेगवेगळी हीट-श्रिंक (तापवली की आकसणारी) नळी चढवा, टोकाला एपॉक्सी लावा. आणि थर्मिस्टर घडाच्या उंचीवर, सावलीत टांगा. सूर्य वर आला की उघडा थर्मिस्टर हवेचं नाही, उन्हाचं तापमान सांगतो.