दूध उतू चाललंय

परभणीत मे महिन्यातल्या दुपारी दुसरं काही होत नाही. काकू सुपात तूरडाळ निवडायल्या होत्या आणि मी कूलरसमोर मोबाईल चाळत पडले होते. पुण्यात शिकणाऱ्या भाचीनं भली मोठी पोस्ट टाकलेली. काकूंना मोठ्यानं वाचून दाखवली. ‘पितृसत्ताक संरचना’, ‘भावनिक श्रम’, ‘सेफ स्पेस’. शेवटी हॅशटॅग मीटू.

“मिठू? कुणाचा पोपट गं?”

हसू आवरलं आणि सांगत बसले. तराना बर्क नावाच्या बाईनं २००६ साली अमेरिकेत हे दोन शब्द लैंगिक छळ सोसलेल्यांच्या चळवळीसाठी वापरले, २०१७च्या ऑक्टोबरात ते जगभर झाले, पुढच्या वर्षी आपल्याकडंही नावं घेतली गेली. अर्थ एवढाच की, माझ्यासोबतही झालं.

काकूंनी एक खडा वेचून टाकला. “मग तसंच म्हणावं की.”

माझंही दुखणं तेच. ‘संरचना’ म्हटलं की मला स्लॅबच्या सळया दिसतात. भाचीचं म्हणणं सगळं पटतं, पण दातात बडीशेपेची काडी अडकल्यासारखं होतं. इथं शेजारी बीडकडं ऊसतोडीला निघालेल्या नवरा-बायकोला मिळून ‘एक कोयता’ म्हणतात. या एका शब्दावर लिही म्हणावं तिला.

आमच्या आजीकडं याबाबतीत एकच वाक्य होतं. गंगाखेडच्या वाड्यात एक लांबचे पाहुणे यायचे. हातात पेढ्यांचा पुडा, आणि ‘किती मोठी झालीस’ म्हणत पोरींना जवळ ओढायची सवय. ते ओसरीवर टेकले की आतून हाक यायची, “पोरींनो, दूध उतू चाललंय, आत या!” आम्ही पळत जायचो. चुलीवर दूध कधीच नसायचं. आजी लसूण सोलायला बसवायची, ते जाईपर्यंत. बोटांचा वास रात्री जेवतानाही जायचा नाही. तिनं कारण सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. मी तर तिला विसरभोळी समजायचे.

काकूंना हे सांगितलं. त्यांचा हात डाळीतच थांबला.

“आमची माय ‘वासरू सुटलंय, धरा’ म्हणायची,” त्या म्हणाल्या. “घरी असली तर. लई करून रानातच राहायची ती.”