राय व्हिस्की आणि सुका बांगडा

राय या गव्हासारख्या धान्यापासून बनणाऱ्या राय व्हिस्कीचा पहिला घोट जिभेवर मिरीसारखा चुरचुरतो, मग लवंगेची आणि किंचित पुदिन्याची छटा जाणवते आणि सर्वांत शेवटी लाकडातून उतरलेला व्हॅनिलाचा गोडवा घशात रेंगाळतो. अमेरिकेतील कायद्यानुसार या व्हिस्कीच्या धान्यमिश्रणात किमान ५१ टक्के राय असावी लागते आणि ती आतून जाळलेल्या नव्याकोऱ्या ओकच्या पिंपात मुरवावी लागते. (राष्ट्राध्यक्षपदावरून निवृत्त झालेल्या जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या माउंट व्हर्नन येथील भट्टीत राय सुमारे ६० टक्के असे, १७९९ साली त्या भट्टीतून जवळजवळ ११ हजार गॅलन व्हिस्की निघाली होती.) ज्यांना खरोखर दणकट राय हवी असेल त्यांनी लेबलवर ‘बॉटल्ड इन बाँड’ हे शब्द शोधावेत. १८९७ सालच्या कायद्याने ठरवलेल्या या प्रकारात व्हिस्की किमान चार वर्षे मुरलेली असते आणि तिच्यात अल्कोहोल ५० टक्के असते. आपल्याकडच्या नेहमीच्या बाटलीत ते ४२.८ टक्के असते.

अशी व्हिस्की झणझणीत मालवणी रश्श्यासोबत घेणे मला मुळीच पटत नाही. उष्णता ओळखणारे जिभेवरचे जे संवेदक मिरचीतल्या कॅप्सेसिनने चेतवले जातात, तेच अल्कोहोलमुळे अधिक हळवे होतात, त्यामुळे घोटागणिक तोंडाची नुसती आग होत जाते आणि माशाची चव कळत नाही, व्हिस्कीची तर नाहीच नाही. पाहुण्यांसमोर कोंबडी-वडे आणि उंची बाटली एकदमच मांडणाऱ्या यजमानांनी माझ्यावर रागावू नये.

रायचे खरे सूत जुळते ते सुक्या मासळीशी. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते, ताजी मासळी दुर्मीळ होते आणि आगोटीला भरून ठेवलेले डबे उघडले जातात. सुका बांगडा निखाऱ्यावर उलटसुलट भाजावा, कातडीला फोड येऊन ती करपू लागली की उतरवावा, काटे काढून मांस हाताने कुस्करावे आणि त्यात बारीक चिरलेला कांदा, ओले खोबरे, आगळाचे (कोकमाच्या दाट रसाचे) चार थेंब व थोडे कच्चे खोबरेल मिसळावे. ही किसमूर चमचाभर खाऊन वर रायचा लहानसा घोट घेतला, तर मिठामुळे व्हिस्कीचा कडवटपणा दबतो, माशाच्या तेलकटपणाला तिचा मिरीसारखा झणका कापत जातो आणि बांगड्याच्या करपलेल्या कडांचा वास पिंपाच्या जळक्या लाकडाशी असा मिसळतो की कोणता कुठला ते सांगता येऊ नये. मिरची मात्र इथे नावापुरतीच असावी.

ताजा बांगडा मिळत असेल तर तिखल्याचा, म्हणजे तिरफळे घातलेल्या दाटसर तिखट कालवणाचा, विचार करावा; परंतु मिरची निम्म्यावर आणून तिरफळे सढळ हाताने घालावीत. बिया काढून ठेचलेल्या तिरफळांचा लिंबासालीसारखा वास आणि जिभेला येणारी हलकी बधिरता रायच्या मसालेदारपणाला पूरक ठरते. सुरमईचा तळलेला तुकडाही चालतो, पण त्यात विशेष काही घडत नाही.

चकणा म्हणून खोबरेलात तळलेले फणसाचे गरे आणि भाजलेले काजू पुरेसे आहेत. व्हिस्कीत सोडा ओतू नये. साधे पाणी चमचाभर घालून पाहावे आणि दमट हवेत बर्फाचा मोह आवरला नाही, तर एकच मोठा खडा टाकावा. सोलकढी मात्र ग्लास रिकामा झाल्यानंतर, भाताबरोबरच घ्यावी, कारण नारळाच्या रसातला लसूण आणि राय यांचे काही केल्या जमत नाही.