मागच्या सीटवर

शनिवार, रात्री साडेअकरा

आज लेकीशी वाजलं. म्हणजे भांडण असं नाहीच, मी नाही म्हणाले आणि ती दार लावून बसली. तिच्या मैत्रिणीच्या भावाला लायसन्स मिळून जेमतेम तीन आठवडे झालेत आणि तो या चौघींना घेऊन रात्री लाँग ड्राइव्हला निघाला होता. "आई, तो एकदम भारी चालवतो, पहिल्या झटक्यात टेस्ट पास झालाय." चालवत असेल की. माझी शंका त्याच्या चालवण्यावर नाहीच आहे, गाडीत बसणाऱ्या बाकीच्या चौघींवर आहे, माझ्या लेकीसकट. तिला हे धड सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितेय.

मी त्या मागच्या सीटवर बसलेय. सतरा वर्षांची होते, ताईला, म्हणजे मामेबहिणीला, नुकतंच लायसन्स मिळालेलं, चौघं जण गाडीत, गाणी मोठ्याने, पुढे एक ट्रक रेंगाळत चाललेला आणि ताई शांतपणे त्याच्या मागे मागे. मला कंटाळा आला. मी ओरडले, "अगं काढ ना पुढे, काय घाबरतेस!" मग बाकीचे पण सुरू झाले, काढ काढ काढ. तिने काढली. समोरून गाडी आली, हिने स्टेअरिंग फिरवलं आणि आम्ही रस्ता सोडून झाडावर. आम्हा तिघांना खरचटण्यावर निभावलं, ताईचा उजवा हात तीन ठिकाणी मोडला. त्यानंतर घरादाराने तिलाच बोल लावले, एवढी घाई कसली होती म्हणून, आणि मागून कोण ओरडलं हे कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. एकटी असती तर तिने तो ट्रक ओव्हरटेक केलाच नसता. हे मला तेव्हाही कळत होतं.

मग नंतर कधीतरी या विषयावर वाचायला लागले आणि वाचतच गेले. अमेरिकेत ट्रिपल ए फाउंडेशन या रस्ता सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या संस्थेने 2012 मध्ये आकडे काढले होते, गाडी चालवणारा 16-17 वर्षांचा असेल आणि सोबत 21 च्या आतला एक जण असेल तर त्या चालवणाऱ्याच्या मृत्यूचा धोका तो एकटा असतानापेक्षा 44 टक्क्यांनी वाढतो, दोघं असतील तर दुप्पट, आणि तिघं किंवा जास्त असतील तर चौपट. मला हलवून गेला तो पुढचा आकडा, शेजारी 35 च्या पुढचं कुणी बसलेलं असेल तर धोका 62 टक्क्यांनी कमी होतो. पोरगा तोच असतो हो, शिकलेला पण तेवढाच, बदलतं ते फक्त गाडीत कोण बसलंय ते.

लॉरेन्स स्टाइनबर्ग नावाचे मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 मध्ये मुलांना आणि मोठ्यांना गाडी चालवण्याचा एक कॉम्प्युटर गेम खेळायला दिला होता, काहींना एकट्याने आणि काहींना मित्रांसमोर. मित्र बघतायत म्हटल्यावर टीनएजर मुलांनी कितीतरी जास्त रिस्क घेतली, 24 च्या पुढच्यांना मात्र मित्र असले नसले तरी फारसा फरक पडला नाही. आमच्या गाडीत वेगळं काय झालं होतं? ताईला ट्रक कुठे काढायचा होता, आम्ही बघत होतो.

म्हणून मला तरी हा नियम हवाच वाटतो, पहिलं एक वर्ष सोबत तरुण पोरं नकोत. कॅलिफोर्नियात आहे तसा, 18 च्या आतल्याला लायसन्स मिळाल्यापासून पहिले 12 महिने 20 च्या आतलं कुणी गाडीत घेता येत नाही, 25 च्या पुढचा लायसन्सवाला कुणी शेजारी असला तर चालतं, आणि रात्री 11 ते पहाटे 5 एकट्यानेही चालवायची नाही. न्यूझीलंडने तर लायसन्स असं टप्प्याटप्प्याने द्यायला 1987 मध्येच सुरुवात केली.

नवऱ्याचं म्हणणं वेगळं. तो म्हणतो, चौघं एका गाडीत नाही बसले तर चार नवशिके चार गाड्या घेऊन निघतील, त्याचं काय? आणि धाकट्या भावंडाला शाळेत सोडणारं घरात दुसरं कुणीच नसेल तर? दुसरा मुद्दा खरा आहे, पण त्यासाठी कॅलिफोर्नियात पालकांच्या सहीच्या चिठ्ठीवर सूट मिळते, ती असायलाच हवी. पहिल्यावर मी बराच वेळ विचार केला. चार गाड्या निघतीलही, पण एकाही गाडीत ओरडणारं कुणी नसेल, आणि सगळ्यांना स्वतःची गाडी थोडीच मिळते, निम्मे घरीच बसतील. मला ते चालेल.

आणि त्या मुलाचा विचार कुणी करत नाही. सतरा-अठराच्या पोराने मित्रांना "नको, तुम्हाला नाही नेत" म्हणायचं म्हणजे किती अवघड, भित्रा म्हणून वर्षभर चिडवतील. नियम असेल तर "लायसन्स जाईल रे" एवढं म्हणून सुटता येतं. ताईकडे असं म्हणायला काहीच नव्हतं.

हे सगळं आकड्यांसकट लेकीला दाराबाहेरून सांगत बसले होते, आतून काही आवाज नाही. शेवटी ट्रकचं पण सांगितलं, मागून कोण ओरडलं ते सुद्धा, इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी. जरा वेळाने दार उघडलं.

"मावशीला माहितीये, तू ओरडलीस ते?"

माहितीये, तीच तर चालवत होती.

"मग तिने सांगितलं का नाही कुणाला?"

हे मला अजून कळलेलं नाही. तिचा हात बरा झाला, पण मूठ पूर्ण मिटत नाही, बाटलीचं झाकण उघडायला दुसऱ्याला देते. उद्या फोन करते तिला.